पाचव्या रॉडचा दुसरा बोल्ट

४ मार्च

भावजी,

पाकीट फोडलंतच तर आधी एवढं वाचा: मला तुमच्याकडून सही नको, खुलासा नको, आणि तुम्ही यावं असंही मी म्हणत नाहीये. कामातली एक शंका आहे. विचारायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर लिहितेय. तुम्ही ज्या साइटवर असाल तिथे टपाल पुढे पाठवतात, असं त्यांच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. फोन नंबर द्यायला मात्र तयार झाल्या नाहीत. तुम्हीच नाही म्हणून सांगून ठेवलंय म्हणे. असो.

गॅरेजमधली गाडी खाली उतरवायची आहे.

ती अजून तशीच आहे. चार स्टँडवर, पोट उघडं. वरच्या बीमने इंजिन तोलून धरलंय, खालचं ऑइलचं चेंबर भिंतीशी उभं आहे. मी फक्त एक जुना पडदा टाकला होता वरून. पडद्याची चाळण झाली, गाडीला काही झालं नाही. दोन सीटांची, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकवून बसणारी ही लाल गाडी तुम्ही दोघांनी भंगारातून ओढत आणलीत, तेव्हा मी विचारलं होतं, ह्यात सामान कुठे ठेवायचं? तुमचे दादा म्हणाले, सामान असणाऱ्यांनी बसने जावं.

परवा भंगारवालाच दारात आला. म्हणाला, ओढून नेतो, जागा मोकळी होईल तुमची. मी नाही म्हटलं. ती आपल्या चाकांवर, आपल्या इंजिनाने बाहेर पडेल. उरलेली बेअरिंगं मी बदलणार आहे. हसायचं तर हसा.

हे जेवताना सांगायचे ते माझं ऐकून ऐकून पाठ झालंय. ह्या जातीच्या इंजिनात बाकी सगळं दणकट, रॉडची बेअरिंगं तेवढी कच्ची. पिस्टनचा रॉड क्रँकच्या फिरत्या दांड्याला जिथे धरून फिरतो तिथे दोन अर्धगोल पट्ट्या, नखाएवढ्या जाडीच्या. त्या झिजल्या की रॉड आतल्या आत ठोकायला लागतो, आणि ठोकता ठोकता एके दिवशी इंजिनची भिंत फोडून बाहेर येतो. म्हणून दुखायच्या आधीच बदलायची. मी सगळा जन्म लोकांच्या कवळ्या घडवण्यात घालवला. केसाएवढी चूक राहिली तर माणूस जेवेनासा होतो, हे मला कुणी शिकवायला नको. हात माझाही बसलेला आहे, फक्त काम वेगळं.

तर शंका अशी. बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणाऱ्या टॉर्क पान्यावर आकड्यांच्या दोन ओळी आहेत, आतली आणि बाहेरची. तुम्ही दोघे कुठली वाचत होतात?

आई बऱ्या आहेत.

वहिनी


१९ मार्च

भावजी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पान्याच्या डबीतच कागद सापडला, त्यावरून आकड्यांचं कळलं. तरी लिहितेय, कारण आता सवय लागली.

ह्यांचा बॉयलर सूट घातला. बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या. त्यांचे बूट पुढे कापूस कोंबून घातले, कारण माझ्या चपला ऑइलवरून सटकत होत्या. पाठीखाली ती चाकांची फळी घेतली आणि सरकले आत. पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. नुसती पडून वर बघत होते. इतकी वर्षं हे इथून बोलायचे आणि मी स्वयंपाकघरातून "काय?" म्हणून ओरडायची. ते काय बघत असायचे ते आता पाहिलं. सहा रॉड, एका ओळीत, जबड्यातल्या दाढांसारखे.

चार रॉडचं काम झालेलं आहे. पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, अशा जोड्यांनी तुम्ही गेला होतात. मधले तिसरा आणि चौथा राहिलेत. घट्ट झालेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय. म्हणजे बघता क्षणी कळावं, हा झाला.

तिसऱ्याचं झाकण काढलं. जुनी पट्टी हातात घेतली तर वरचा करडा थर निघून गेलेला, खाली तांबं उघडं पडलेलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. अजून थोडी चालवली असती तर गेलंच असतं इंजिन. नवीन पट्ट्या डब्यात होत्याच. बसवायच्या आधी फट मोजली, त्या हिरव्या मेणासारख्या बारीक दोरीने. क्रँकवर तुकडा ठेवायचा, झाकण जुन्या बोल्टांनी आवळायचं, पुन्हा काढायचं आणि दोरी किती चेपली ते बघायचं. मला इतकं हसू आलं! पेशंटच्या दातांचा चावा घ्यायला आम्ही मेण देतो ते हेच की. तुम्ही दोघे उगाच एवढा आव आणायचात.

तिसरा झाला. चौथा झाला. क्रँक पान्याने हळूहळू फिरवून सगळं पुन्हा एकदा नजरेखालून घातलं. तेव्हा पाचव्यावर थांबले.

पाचव्या रॉडच्या झाकणाला दोन बोल्ट आहेत. एकावर ठिपका आहे. दुसऱ्यावर नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण लिहून टाकते, म्हणजे माझ्या डोक्यातून जाईल. हे बोल्ट शेवटचा पीळ देताना ताणले जातात आणि एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नाहीत. ह्यांनी तो शेवटचा पीळ दिला होता का? दिला असेल आणि मी पुन्हा दिला, तर बोल्ट तुटेल. दिला नसेल आणि मी तसाच सोडला, तर रॉड सुटेल. दोन्ही काढून नवे घालणं एवढाच मार्ग. नवे जेवढे आणले होते तेवढे संपले. इथल्या दुकानदारांनी बोल्ट हातात घेऊन बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाचा दात विकायला आणलाय.

आणि खरं सांगू? तो बोल्ट मला काढायचा नाहीये. ते तिथवर पोचले होते.

अजून एक. मी गाडीखाली असते तेव्हा दुपारी कुणीतरी चालत येतं. पुढच्या चाकापाशी थांबतं. मग जातं. बाहेर येऊन बघितलं की चाकाशी चहाचा कप असतो, वाफ निघणारा. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. दिवसभर माणसांचे दात घेऊन बसणाऱ्या बाईला तो परवडत नाही. पण त्या पावलांचा आवाज आला की माझे हात थांबतात, एवढं खरं.

वहिनी


७ एप्रिल

भावजी,

कपाचं मी अर्धवट लिहिलं. पावलं कुणाची ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आई बऱ्या आहेत असं पहिल्या पत्रात लिहिलं, तेही खोटं.

त्या दिवशीचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तुम्ही फाटक आपटून गेलात. बऱ्याच वेळाने आईंनी चहा केला, गॅरेजमध्ये नेला, गाडीखालून बाहेर आलेल्या पायांशी ठेवला आणि म्हणाल्या, "गार होईल रे." पाय हलले नाहीत. त्या आत आल्या आणि मला सांगितलं, "कामात आहे तो, बोलत नाहीये. धाकट्याने डोकं फिरवलंय त्याचं." मी नंतर गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं असणार, पाना हातातच होता. आई चहा घेऊन गेल्या तेव्हा ते गेलेलेच होते.

तिथून आईंची आठवण उसवत गेली. आधी दिवस गेले, मग माणसं. मला ओळखतात, शेजारच्या बँकवाल्या बाईंना ओळखतात, त्यांच्याशी भांडतातही. पण दुपार झाली की चहाचा कप भरतात, गॅरेजमध्ये जातात, चाकाशी ठेवतात आणि म्हणतात, "गार होईल रे." एकदा मी आडवी गेले. तर मलाच म्हणाल्या, "भांडलीयस का त्याच्याशी? नवरा-बायकोचं तुमचं तुम्ही बघा, मला चहा देऊ दे."

आता कळलं ना, गाडी का उतरवायची आहे ते? ती वर उभी आहे तोवर तिच्याखाली जागा आहे. जागा आहे तोवर हे तिच्याखाली आहेत. मला वाटलं, जागाच बुजवली तर सुटतील त्या ह्यातून.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. दोन वर्षं आई रिकाम्या जागेशी बोलत होत्या. आता त्यांना तिथे पाय दिसायला लागले. बॉयलर सूटमधले, त्यांच्या मुलाच्या बुटातले.

काल त्या कप ठेवून गेल्या नाहीत. स्टूल ओढल्याचा आवाज आला. बसल्या. मला त्यांच्या चपला दिसत होत्या आणि साडीची कड.

"मोठ्या," त्या म्हणाल्या.

 चौथ्या रॉडचे बोल्ट पुन्हा तपासत होते, पाना तसाच छातीवर धरला.

"तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या बायकोनेही नाही, तुझा जीव तुटेल म्हणून. धाकटा गेला रे."

भावजी, मला आधी कळलंच नाही. गेला म्हणजे नोकरीवर गेला, असंच वाटलं.

"त्या दिवशी तणतणत गेला, तो तसाच गेला. जिवंत असता तर मला भेटल्याशिवाय राहिला असता का? तूच सांग. दोन दिवस रुसायचा तो, तिसऱ्या दिवशी येऊन मांडीवर डोकं ठेवायचा."

मग स्टूल करकरलं. मला वाटलं उठल्या. तर आवाज खाली आला, वाकून बोलत होत्या. "जाताना तुला बोलला ना, पड मग तिथेच आयुष्यभर. मी खिडकीतून ऐकलं. ते मनात ठेवू नकोस. गेलेल्या माणसावर राग धरू नये. ठेवलायस का?"

मी पाना हळूच बाजूला ठेवला.

"ठेवलायस का रे?"

काय करायला हवं होतं मी? बाहेर यायचं? ते बूट घालून, तो सूट घालून, माझं तोंड दाखवायचं? मी जमेल तेवढा जाड आवाज काढला आणि म्हटलं, "नाही."

"घसा बसलाय तुझा," आई म्हणाल्या. "चहा पी."

आणि गेल्या. मी तिथेच पडून राहिले. ऑइल थेंब थेंब बॉयलर सूटवर पडत होतं आणि मला पुसायचं भान नव्हतं.

ह्यांना नेलं त्या दिवशी तुम्ही आला होतात. फाटकाशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभे होतात, चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा. मी पाहिलं. आईंना न भेटता निघून गेलात. त्या दिवसापासून ह्या घरात मेलेला मुलगा एकच आहे, आणि तो तुम्ही आहात.

राग म्हणून लिहिलं नाही. नव्हता असं नाही. पण काल गाडीखाली पडल्या पडल्या तुमच्या वतीने माफी मिळवली मी, ह्यांच्या वतीने दिलीही. ती तुमच्यापर्यंत पोचवणं भाग आहे.

वहिनी


२६ एप्रिल

भावजी,

पार्सल मिळालं.

चिठ्ठी नाही, नाव नाही. मऊ फडक्यात गुंडाळलेले दोन बोल्ट. मी ते टेबलावर ठेवले आणि बघत बसले. बँकवाल्या बाई डोकावल्या. म्हणाल्या, "कुणी अंगठी पाठवली का काय?" मी म्हटलं, त्याहून महाग आहे.

म्हणजे वाचताय तुम्ही.

आणि दुसरी गोष्ट. पार्सल पाठवणाऱ्याचा पत्ता कुरियरवाले लिहायला लावतातच. मी समजत होते तुम्ही समुद्रापलीकडे कुठेतरी आहात. तुम्ही तर इथून अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर आहात, भावजी! सकाळी निघालं तर दुपारी पोचावं. इतकं जवळ राहून माणसाला एवढं लांब जाता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

पाचवा रॉड सोडवला. बँकवाल्या बाईंना गॅरेजमध्ये बसवलं होतं, काही झालं तर हाक मारता यावी म्हणून. त्या सारख्या विचारत होत्या, "आहेस ना गं?" ठिपकेवाला बोल्ट आधी सैल केला. त्याला जोर लागला. मग दुसरा. त्यालाही तेवढाच जोर लागला. हाताला कळतं ते. शेवटचा पीळ त्यांनी दिला होता. ठिपका द्यायचा राहिला होता, एवढंच.

झाकणाच्या बाहेरच्या अंगाला लाल ग्रीसचा अंगठा उमटलेला होता. पूर्ण. मधली ती चीरही, काचेने कापलं होतं ती. मी झाकण फिरवून फिरवून बघितलं. आतल्या पट्ट्या निर्मळ होत्या, त्या परत बसवल्या, नवे बोल्ट घातले. आधी हलके, मग ठरल्या आकड्यापर्यंत, मग कोन बघून शेवटचा पीळ. अंगठा पुसला नाही. इंजिन चालू झालं की आतलं तेल तो धुऊन नेईल, माहीत आहे मला. पण ते तेल नेईल. मी नाही.

ठिपके मात्र मी दिले, दोन्हींवर.

तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, आणि दोन वर्षं राहिलंय, कारण तुम्ही भिंतीपासून पुढे आलाच नाहीत. तुम्ही फाटक आपटलंत त्यानंतर हे माझ्याशी बोलले होते. मी आवाज ऐकून बाहेर आले. गाडीखालून विचारलं, "गेला का?" मी म्हटलं, "गेले. काय बोललात त्यांना?" तर हसले. खरंच हसले, खोकला येईपर्यंत. म्हणाले, "नोकरी लांबची घेतलीय तर सांगायची हिंमत नाही, म्हणून भांडण काढतोय गाढव. जाऊ दे त्याला. उद्या येईल. मधले दोन त्याच्यासाठीच ठेवतो, सोपे आहेत."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. तुम्ही बोललात त्याच्या नंतरचं. आणि ते तुमच्याबद्दल होतं.

ते मधले दोन मी केले. माफ करा, तुमची वाट बघितली नाही.

वहिनी


१८ मे

भावजी,

गाडी उतरवली. मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलटं झालं.

चेंबर बसवलं, नवीन पॅकिंग घालून. ऑइल भरलं, नवी बॅटरी लावली. टायरवाला त्याचा मोठा जॅक घेऊन आला होता, त्याने एकेक स्टँड काढून घेतला. गाडी खाली बसली, जमिनीशी अगदी टेकून. आमच्या दोघांच्या कपड्यांवर काळं झालं होतं आणि आम्ही खूश होतो. तेवढ्यात आई कप घेऊन आल्या.

चाकाशी थांबल्या. खाली बघितलं. कप जमिनीवर ठेवला आणि हात टेकून वाकल्या, गुडघ्यांवर. त्यांचे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. गाडीखाली हात घालून बघायला लागल्या. हातही जेमतेम जात होता.

"कुठे गेला?"

मी त्यांना उठवायला गेले.

"इथे होता ना? बोलला माझ्याशी. कुठे गेला?"

टायरवाल्याने तोंड फिरवलं. मी त्यांना आत नेऊन बसवलं. रडल्या नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे दोघेही गेले की." त्यानंतर दोन घास पोटात जाईनात. चहाही करेनात. दुपार झाली की हात मांडीवर ठेवून बसायच्या. हाताला काही कामच उरलं नव्हतं.

मी त्यांची सुटका करायला निघाले होते. एक मुलगा त्यांनी कसाबसा जिवंत ठेवला होता, तो मी पाना लावून काढून घेतला. बँकवाल्या बाई म्हणाल्या, "कधी ना कधी कळायचंच होतं." कळायचं होतं, पण माझ्या हातून का?

चार दिवस मी गॅरेजचं दार उघडलं नाही. मग उघडलं, कारण दुसरं काय करायचं तेच सुचेना. इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन नुसतं फिरवलं, आत सगळीकडे तेल पोचावं म्हणून. तेलाचा लाल दिवा जळत राहिला, जळत राहिला, आणि विझला. फ्यूज परत लावला. चावी फिरवली.

भावजी, मी कान लावून ऐकत होते. आधी ठकठक झाली, एकदा, दोनदा, आणि माझा हात चावीकडे गेला. मग ती गेली. तेल पोचलं असणार. आणि मग तो आवाज आला, तुम्हा दोघांचा आवडता. खालच्या सुरातला, एकसंध, कुठे खडा नाही. मी स्टीअरिंगवर डोकं टेकलं.

वर बघितलं तर आई दारात.

"कोण चालवतंय?"

"मी, आई."

"तुला येते?"

"येते."

त्या जवळ आल्या. बॉनेटवर हात ठेवला. थरथर लागत होती हाताला, ती त्यांनी बराच वेळ लागू दिली. मग विचारलं, "कुठे जाते ही?"

मी ठरवलं नव्हतं. आपोआप तोंडातून निघालं, "धाकट्याकडे."

आई माझ्याकडे बघत राहिल्या. वेडी झालीयस का असं नाही, तर हे आधी का नाही सांगितलंस असं. म्हणाल्या, "रस्ता आहे तिकडे?"

"आहे. पण लांब आहे."

"तेच तर. मरायला इतक्या लांब कशाला गेला तो?"

रात्री पोटभर जेवल्या.

नवीन बेअरिंगं आहेत, आधी थोडे दिवस हळू चालवायची म्हणतात. मी गल्लीतून, मग मोठ्या रस्त्यावरून फेऱ्या मारतेय. आवाज ठीक आहे. तेल एकदा बदललं, फिल्टर कापून बघितला, धातूच्या कणांची चमक नाही आत.

तुम्हाला आधी कळवतेय, कारण न सांगता कुणाच्या दारात जाणं मला आवडत नाही. तारीख कळवत नाही, कारण तुम्ही पळाल.

वहिनी


३० मे

भावजी,

ही चिठ्ठी तुमचा वॉचमन वर आणून देईल. मी खाली रस्त्यापलीकडे उभी आहे. खिडकीतून बघा, लाल दिसेल.

आई पुढच्या सीटवर आहेत. त्यांना जिने चढवत नाहीत, म्हणून आम्ही वर येणार नाही. त्या तुम्हाला बघून काय करतील, घाबरतील की ओरडतील, मला सांगता येत नाही. मी त्यांना काहीही समजावलेलं नाही. समजावून काही होत नाही, हे मी शिकले.

खुलासे करू नका. जिवंत आहे म्हणून पटवायला जाऊ नका. फक्त खाली या.

वहिनी


१ जून

भावजी,

तुम्ही जिना उतरत होतात तेव्हा गाडीत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहितेय.

तुमच्या इमारतीचा जिना काचेचा आहे. तुम्ही वरच्या मजल्यावर दिसलात तेव्हाच आईंनी दाराची मूठ धरली. तुम्ही एकेक वळण घेत खाली येत होतात, दिसत होतात, नाहीसे होत होतात, पुन्हा दिसत होतात. आईंनी नजर हलवली नाही. हळूच मला विचारलं, "तुलाही दिसतोय?"

मी म्हटलं, "हो, आई."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि मूठ सोडली.

पुढचं तुमच्यासमोरच झालं. गाडी इतकी बुटकी की तुम्हाला रस्त्यावर उकिडवं बसावं लागलं. त्या तुमचे केस मागे सारून बघत होत्या. "उतरलायस. इथे जेवायचं काय करतोस?" तुम्ही म्हणालात, डबा येतो. "बरा असतो?" "ठीक असतो." "मीठ जास्त घालत असतील." मग तुम्ही खिडकीतून डोकं आत घालून त्यांच्या मांडीवर ठेवलंत, आणि तुमचे खांदे असे हलायला लागले की समोरचा फळवाला उठून उभा राहिला. आई तुमची पाठ थोपटत त्याला म्हणाल्या, "काही नाही हो. बऱ्याच दिवसांनी भेटतोय."

तुम्ही मला एवढंच विचारलंत, "पाचवा काढताना जोर लागला?" मी म्हटलं, दोन्हींना सारखाच. तुम्ही मान हलवलीत. मला ते पुरे झालं.

परतीच्या वाटेवर आई अर्ध्या रस्त्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. ऊन उतरत होतं, रस्ता मोकळा होता, इंजिन आपल्या नादात चाललं होतं. मला वाटलं, डोळा लागला. तर म्हणाल्या, "जागा बरी आहे. उजेड आहे, वारा आहे. रस्त्यावर फळवालासुद्धा आहे. मला वाटलं होतं तसं काही नाही तिथे."

माझ्या अंगावर काटा आला. हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यावर माणसाने काय करायचं असतं? मी गिअर बदलला.

"आणि गरम होता," त्या म्हणाल्या. "मी हात लावून बघितला. अंग गरम होतं त्याचं."

"हो, आई."

"मग तो तिथे काय करतोय?"

 त्या विचार करत होत्या, आणि किती दिवसांनी त्या कशाचा तरी विचार करत होत्या. खूप पुढे आल्यावर एकदम सीटवरून उठल्यासारखं केलं. "अगं, मोठा त्याच्याकडे येतो का, हे विचारायचं राहिलंच! गाडी फिरव."

मी म्हटलं, आता फार लांब आलोय.

"मग रविवारी. त्याला रविवारी इकडेच बोलाव. समोर बसवून विचारते."

भावजी, गाडीखाली पडून मी एकदा "नाही" म्हटलं. तो एक शब्द मला जमला, कारण तो खरा होता, ह्यांना मी ओळखत होते. ह्या प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही. बॉयलर सूट धुऊन, घडी करून कपाटात ठेवलाय. तो मी पुन्हा घालणार नाही.

आई आज सकाळपासून दोनदा विचारून गेल्या, रविवार कधी. काय सांगायचं ते मी पढवणार नाही. खरं सांगा, गोल सांगा, नुसते रडा. पण भिंतीपाशी उभं राहायचं नाही. आत यायचं, त्यांच्यासमोर बसायचं, आणि आपल्या तोंडाने सांगायचं.

वहिनी